पंपाचा वायफाय रिले : दोष शोधण्याची क्रमवार रीत

जामनेर तालुक्यात कांग व वाघूर या नद्यांच्या खोऱ्यांतील बागायत मोठ्या प्रमाणावर विहिरींवर आणि त्यांवरील विजेच्या पंपांवर अवलंबून आहे. मे महिन्यात लावलेली बागायती कपाशी असो की केळीचा बाग असो, ठरल्या वेळी पाणी मिळाले नाही तर पिकाला ताण बसतो. कृषी वाहिन्यांवरील थ्री-फेज वीज अनेक ठिकाणी पाळीने मिळते. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे काही वाहिन्यांवर दिवसा वीज मिळू लागली आहे. तथापि जेथे रात्रीची पाळी कायम आहे, तेथे शेतकऱ्यास अंधारात, साप-विंचवांच्या भयात व ओल्या बांधावरून विहिरीवर जावे लागते.

हे कष्ट वाचविण्यासाठी दुरून पंप चालविण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात पूर्वीच झाले आहेत. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेले ‘नॅनो गणेश’ हे मोबाईल फोनवरून पंप चालविणारे साधन प्रसिद्ध आहे. अलीकडे गावोगावची तंत्रशिक्षण घेतलेली तरुण मंडळी याच हेतूने ईएसपी-८२६६ किंवा ईएसपी-३२ या जातीचा छोटा सूक्ष्मनियंत्रक बोर्ड आणि निळ्या पेटीचा रिले एकत्र जोडतात व वायफायच्या साहाय्याने स्टार्टर चालवितात. साहित्य स्वस्त आहे, बाजारात सहज मिळते आणि घरी मेजावर ते उत्तम चालते. विहिरीवर नेल्यावर मात्र तेच साधन कधी मध्येच बंद पडते, कधी आपोआप चालू होते, तर कधी फोनवर ‘चालू’ असे दाखवूनही पंप हलत नाही.

अशा वेळी बोर्ड बदल, वायर बदल, आज्ञावली बदल, असे सर्व उपाय एकाच वेळी करण्याकडे कल असतो. त्यामुळे साधन पुन्हा चालले तरी मूळ दोष कोणता होता हे कळत नाही आणि आठवड्याने तोच दोष पुन्हा उद्भवतो. दोष कडीकडीने शोधावा व एका वेळी एकच बदल करावा, हा येथील पहिला नियम होय. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा आहे. साधनात कोणताही बिघाड झाला, तरी त्याचा परिणाम पंप बंद राहण्यातच व्हावा. पाण्याची एक पाळी चुकली तर ती पुढे भरून काढता येते. स्टार्टरच्या पेटीत कोणाचा हात असताना पंप आपोआप सुरू झाला, तर झालेली हानी भरून निघत नाही.

साखळीच्या पाच कड्या

फोनवर बोट ठेवल्यापासून विहिरीतून पाणी येईपर्यंत आज्ञा पाच कड्यांतून जाते. पहिली कडी फोन व वायफाय यांची. दुसरी कडी बोर्ड व त्यातील आज्ञावली यांची. तिसरी कडी बोर्डाला व रिलेला मिळणाऱ्या पाच व्होल्ट विजेची. चौथी कडी रिलेची आणि पाचवी स्टार्टर व मोटारीची. यांपैकी एक कडी तुटली तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते, ते म्हणजे पंप चालत नाही. म्हणून नुसत्या लक्षणावरून निदान करू नये. साखळी मध्यावर तोडून दोष कोणत्या अर्ध्या भागात आहे हे आधी ठरवावे.

पेटी उघडण्यापूर्वी

थ्री-फेज स्टार्टरमध्ये दोन फेजांच्या दरम्यान ४१५ व्होल्ट दाब असतो. मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढून घ्यावेत व ते काम करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवावेत. नंतर टेस्टरने किंवा मल्टीमीटरने तिन्ही फेज मृत असल्याची खात्री करून घ्यावी. पंपाला कपॅसिटर जोडलेला असल्यास वीज गेल्यावरही त्यात काही काळ भार शिल्लक राहतो, हे विसरू नये. या साधनात आणखी एक धोका आहे. घरी असलेला माणूस अजाणतेपणी फोनवरून पंप सुरू करू शकतो. ‘फोन बंद ठेवा’ असे सांगून आलो, एवढ्यावर कोणीही विसंबू नये. रिलेच्या वायरा स्टार्टरपासून प्रत्यक्ष सोडवून ठेवल्यावरच पुढील तपासणी करावी. रिलेच्या ज्या टोकांवर मुख्य वीज येते, ती टोके वीज चालू असताना उघडी नसावीत. तसेच मुख्य वीज जोडलेली असताना बोर्डाला संगणकाची यूएसबी वायर लावू नये.

पहिली कसोटी

स्टार्टरपासून सोडविलेला रिले केवळ पाच व्होल्टवर ठेवावा व फोनवरून आज्ञा द्यावी. रिलेवरील दिवा लागून ‘टक्’ असा स्पष्ट आवाज आला आणि मल्टीमीटर लावला असता रिलेचे ‘कॉमन’ व ‘एनओ’ हे बिंदू जोडले गेल्याचे दिसले, तर पहिल्या चार कड्या त्या घटकेला शाबूत आहेत असे समजावे. मग दोष स्टार्टरकडे शोधावा. आवाज आला नाही, तर स्टार्टर उघडण्याचे कारण नाही. दोष अलीकडच्या भागात आहे. दिवा लागला परंतु आवाज आला नाही, तर आज्ञा पोहोचली आहे, पण रिलेला ओढून घेण्याइतकी वीज मिळत नाही, असा अर्थ बहुधा निघतो.

विजेचा दुबळेपणा

या साधनातील तक्रारींचे पुष्कळदा आढळणारे मूळ अपुऱ्या विजेत असते. ईएसपी-८२६६ हा ३.३ व्होल्टवर चालतो. वायफायवर संदेश पाठविताना तो क्षणभर ३०० मिलीअँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह घेऊ शकतो. पाच व्होल्टच्या एका रिलेची कॉइल सुमारे ७० मिलीअँपिअर घेते. जुना फोन-चार्जर किंवा बारीक, लांब यूएसबी वायर असली, तर नेमक्या त्याच क्षणी दाब खाली जातो आणि बोर्ड पहिल्यापासून सुरू होतो. रिले ओढला की बोर्डावरील निळा दिवा लुकलुकतो व वायफाय तुटते, ही या दोषाची खूण होय. पाच व्होल्ट व निदान एक अँपिअर देणारा चांगला पुरवठा वापरावा. रिलेला पाच व्होल्ट थेट त्या पुरवठ्यातून द्यावेत, बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनेतून देऊ नयेत. बोर्ड व रिले यांचे पुरवठे वेगळे असल्यास त्यांचे ‘जीएनडी’ बिंदू एकमेकांस जोडावेत. केवळ पूर्ण विलग केलेल्या रिलेत याचा अपवाद होतो. बोर्डाच्या पुरवठ्याच्या टोकांवर सुमारे ४७० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर योग्य दिशेने लावल्यास क्षणिक घट सोसली जाते.

शेतावर आणखी एक अडचण असते. पुष्कळ विहिरींवर तीन फेज येतात, पण न्यूट्रल नसते. तेव्हा एक फेज व जमिनीतील सळई यांच्यामध्ये चार्जर लावण्याची रीत दिसते. ही रीत प्राणघातक आहे. सळई सैल झाली वा जमीन वाळली, की तिच्याशी जोडलेल्या प्रत्येक धातूच्या वस्तूवर विजेचा दाब येऊ शकतो. न्यूट्रल नसल्यास लहान सौर पॅनेल व १२ व्होल्टची बॅटरी बसवावी आणि तिचे १२ व्होल्ट पाच व्होल्टवर आणणारे साधन मध्ये घालावे. बारा व्होल्ट थेट बोर्डाला दिल्यास बोर्डावरील नियामक तापून जळण्याचा संभव असतो. बॅटरीचा दुसरा लाभ असा की थ्री-फेज वीज नसतानाही बोर्ड जागा राहतो.

चुकीची पिन आणि उलटा रिले

वीज येताच पंप क्षणभर सुरू होऊन बंद पडतो, अशी तक्रार असल्यास पिनेची निवड पाहावी. नोडएमसीयू बोर्डावरील डी-३, डी-४ व डी-८ या पिनांची स्थिती पाहूनच ईएसपी-८२६६ कोणत्या रीतीने सुरू व्हायचे ते ठरवितो. या पिनांवर रिले जोडला, तर बोर्ड सुरूच होत नाही किंवा सुरू होताना रिले खडखडतो. डी-० ही पिनही सुरुवातीस उच्च स्थितीत असते. रिलेसाठी डी-१ व डी-२ या पिना सुरक्षित होत. ईएसपी-३२ बोर्डावर ३४ ते ३९ या क्रमांकांच्या पिना केवळ माहिती आत घेतात. त्यांवरून रिले कधीही चालणार नाही.

बाजारात मिळणारे अनेक रिले ‘उलटे’ असतात. पिनेवर शून्य व्होल्ट आले की ते चालू होतात व दाब आला की बंद होतात. आज्ञावली सुलट्या रिलेची असेल, तर फोनवर ‘बंद’ म्हटल्यावर पंप चालू होईल. असा रिले वापरताना आज्ञावलीत पिनेची बंद-स्थिती आधी लिहावी आणि त्यानंतरच ती पिन बाहेर आज्ञा देणारी आहे असे जाहीर करावे. हा क्रम उलटला, तर वीज येताच क्षणभर रिले ओढला जातो.

याच रिलेंमध्ये दुसरा सूक्ष्म दोष असतो. रिलेच्या आज्ञाबाजूस पाच व्होल्ट दिलेले असतात आणि बोर्डाची पिन मात्र ३.३ व्होल्टपर्यंतच चढते. १.७ व्होल्टचा फरक शिल्लक राहतो. एवढ्याने काही रिलेंचा दिवा मंद जळत राहतो व रिले पूर्णपणे सुटत नाही. रिलेवर ‘जेडी-व्हीसीसी’ नावाची वेगळी पिन असल्यास तिच्यावरील छोटी टोपी काढावी. ‘जेडी-व्हीसीसी’ला पाच व्होल्ट आणि ‘व्हीसीसी’ला ३.३ व्होल्ट द्यावेत. ही सोय नसल्यास ३.३ व्होल्टच्या आज्ञेवर चालणारा रिले घ्यावा.

वायफायची कडी

ईएसपी-८२६६ केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतो. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवलेला असल्यास बोर्डाला तो दिसतच नाही. लोखंडी पेटी या लहरी अडविते, म्हणून बोर्ड स्टार्टरच्या पेटीत न ठेवता शेजारी प्लॅस्टिकच्या बंद डबीत ठेवावा. उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, याकरिता डबी सावलीत असावी. केळीची पाणीदार पाने लहरी शोषून घेतात. लागवडीच्या वेळी चालणारे साधन बाग उंच झाल्यावर रखडते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. लहरीची ताकद बोर्ड स्वतः उणे आकड्यात सांगू शकतो. उणे ६०च्या आसपास ती चांगली, उणे ७०पर्यंत चालण्याजोगी आणि उणे ८०च्या खाली बेभरवशाची समजावी. गावातील राउटरची लहर एक-दोन किलोमीटरवरील मळ्यात पोहोचेल ही अपेक्षा धरू नये. तेथे विहिरीवरच सिमकार्डाचा राउटर ठेवावा किंवा मोबाईल फोनवर चालणारे तयार साधन घ्यावे.

दोष राउटरचा की बोर्डाचा, हे ठरविण्यास एक सोपी कसोटी आहे. बोर्डात अशी आज्ञावली भरावी की तो स्वतःच वायफाय निर्माण करील. विहिरीपाशी उभे राहून फोन त्या वायफायला जोडावा व १९२.१६८.४.१ हा पत्ता उघडावा. रिले येथून बिनचूक चालला, तर बोर्ड निर्दोष असून दोष राउटर, अंतर किंवा इंटरनेट यांत आहे. वीज गेल्यावर राउटर बोर्डाला नवा पत्ता देऊ शकतो व फोन जुन्याच पत्त्यावर आज्ञा पाठवीत राहतो. यासाठी राउटरमध्ये बोर्डाकरिता एक पत्ता राखून ठेवावा. तुटलेले वायफाय पुन्हा जोडण्याची तजवीज आज्ञावलीत असावी. आज्ञावली दीर्घकाळ एकाच ठिकाणी थांबून राहिली, तर बोर्डातील पहारा-घड्याळ त्याला पुन्हा सुरू करते. संगणकावर बोर्डाचा प्रारंभीचा संदेश ७४८८० या वेगाने वाचावा. त्यात पुनरारंभाचे कारण ४ असे दिसले, तर पहारा-घड्याळाने बोर्ड सुरू केला असे समजावे. वायफायला व बोर्डाच्या पानाला परवलीचा शब्द अवश्य असावा. अन्यथा वाटेने जाणारा कोणीही पंप सुरू करू शकेल.

स्टार्टरची कडी

निळ्या रिलेवर १० अँपिअर, २५० व्होल्ट असे छापलेले असते. दहा अँपिअर हा आकडा पाहून कित्येकजण निश्चिंत होतात. परंतु अनेक थ्री-फेज स्टार्टरांची कॉइल दोन फेजांवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालते. तेथे हा रिले थेट जोडणे अयोग्य आहे. त्याच्या संपर्कबिंदूंमध्ये ठिणगी पडत राहते व अखेर ते एकमेकांस चिकटतात. मग फोनवर ‘बंद’ म्हटले, रिलेचा दिवाही विझला, तरी पंप चालूच राहतो. म्हणून बोर्डाचा रिले आणि स्टार्टर यांच्या मध्ये ४१५ व्होल्टला योग्य असा मधला कॉन्टॅक्टर परवानाधारक वीजतंत्र्याकडून बसवून घ्यावा. मोटारीचा मुख्य प्रवाह या छोट्या रिलेतून कधीही नेऊ नये.

स्टार्टर पडताच बोर्ड पुन्हा सुरू होत असेल, तर कॉइलमधून उठणारा क्षणिक विद्युत्-धक्का त्यास कारण असतो. कॉइलच्या टोकांवर तिच्या दाबाला योग्य असा धक्काशामक बसवावा. बोर्डाच्या बारीक वायरा मुख्य वायरांपासून दूर न्याव्यात व शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात.

बिघाडातही पंप बंद राहील अशी जोडणी

एकच रिले सतत ओढून धरून पंप चालविण्याची रीत सोपी आहे, पण दोषास्पद आहे. तीत वीज परत येताच पंप आपोआप सुरू होऊ शकतो. त्याऐवजी दोन रिले वापरावेत. पहिला रिले हिरव्या बटणास समांतर असावा व तो केवळ एक सेकंद ओढला जावा. पुढे स्टार्टर स्वतःला धरून ठेवतो. दुसरा रिले लाल बटणाच्या मार्गात ओळीने असावा आणि बोर्ड सुस्थितीत असेपर्यंतच तो ओढलेला राहावा. बोर्ड बंद पडला, जळाला किंवा पुन्हा सुरू झाला, तर दुसरा रिले सुटतो, पंप थांबतो व नव्या आज्ञेवाचून सुरू होत नाही. या दोन्ही रिलेंना वर सांगितलेला मधला कॉन्टॅक्टर लागतो. ठरावीक मिनिटे फोनशी संपर्क झाला नाही किंवा पाण्याची ठरलेली वेळ संपली, तर दुसरा रिले सोडण्याची आज्ञाही बोर्डात असावी.

पेटीवर ‘हात – बंद – दूर’ असा निवडक स्विच बसवावा. ‘हात’ स्थितीत बोर्ड बाजूला पडून नेहमीच्या बटणांनी पंप चालावा. ‘बंद’ स्थितीत फोनची आज्ञा पोहोचूच नये. सिंगल फेजिंगपासून, जादा भारापासून व कोरडे चालण्यापासून रक्षण करणारी साधने या बदलात काढून टाकू नयेत. फोनवर दिसणारा ‘चालू’ हा शब्द केवळ आज्ञा दिल्याची खूण आहे, पाणी आल्याची नव्हे. मोटारीचा प्रवाह मोजणारा संवेदक जोडून त्याची बातमी फोनवर आणली, तरच कपाशीला पाणी मिळाले की नाही याविषयी थोडी खात्री बाळगता येईल.

वीज येताच पंप सुरू करणाऱ्या ऑटो-स्विचांमुळे एका रोहित्रावरील सर्व पंप एकदम सुरू होतात व रोहित्रावर एकाच वेळी मोठा भार पडतो. महावितरणने असे स्विच काढून टाकण्याचे व कपॅसिटर बसविण्याचे आवाहन वेळोवेळी केले आहे. वायफाय रिले म्हणजे नव्या रूपातील ऑटो-स्विच होऊ नये. शेजाऱ्यांनी आपसांत वेळा वाटून घेऊन काही मिनिटांच्या अंतराने पंप सुरू करणे सर्वांच्याच हिताचे आहे.

लक्षणांवरून निदान

• बोर्डावर दिवाच नाही : पुरवठा, वायर व पाच व्होल्टचा दाब तपासावा.

• संगणकास बोर्ड दिसत नाही : यूएसबी वायर केवळ चार्जिंगची आहे काय, ते पाहावे.

• रिले ओढताच वायफाय तुटते : पुरवठा दुबळा आहे.

• वीज येताच रिले खडखडतो : पिन किंवा आज्ञावलीतील क्रम चुकला आहे.

• ‘चालू’ व ‘बंद’ उलटे होतात : रिले उलट्या जातीचा आहे किंवा वायर ‘एनओ’ऐवजी ‘एनसी’ बिंदूवर आहे.

• विहिरीपाशी चालतो, घरून चालत नाही : राउटर, पत्ता किंवा इंटरनेट तपासावे.

• रिलेचा दिवा विझला तरी पंप चालू : संपर्कबिंदू चिकटले आहेत. मुख्य स्विच तत्काळ बंद करावा व रिले बदलावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

ज्या गावात अशी साधने बसली आहेत, तेथे कार्यकर्त्यांनी पंपाच्या पेटीत एक छोटी वही ठेवण्याची सवय लावावी. तीत दोषाची तारीख, दिसलेले लक्षण, मोजलेला दाब व केलेला एकच बदल लिहावा. काही महिन्यांत त्या विहिरीचा खरा दोष वहीच सांगू लागते. प्रात्यक्षिक घेताना ते प्रथम पाच व्होल्टवर, स्टार्टरविना करून दाखवावे आणि ४१५ व्होल्टच्या बाजूचे काम वीजतंत्र्यावर सोपवावे. पावसाळ्यापूर्वी डबीचे झाकण, अर्थिंग व वायरांची टोके एकदा पाहून घ्यावीत. बोर्ड व रिले बाजारात पुन्हा मिळतात. रात्री विहिरीवर जाणाऱ्या माणसाचे श्रम व भय कमी व्हावे याचसाठी हे साधन आहे. त्याच माणसाच्या जिवाला त्यापासून धोका पोहोचणार नाही, एवढी खात्री झाल्यावरच ते स्टार्टरला जोडावे.